मागच्या खोलीतलं उत्तर

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर शेवट तरी जरा बरा केला असता.

माझ्या चुलत भावाच्या बाबतीत हे घडलं. त्याने मला ते एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला की तो चप्पल घालून बाहेर जातो.

तुम्हाला वाटेल, मध्यरात्र असेल, दिवे गेले असतील. तसलं काही नव्हतं. भर दुपार होती. बाहेर डोळे दिपतील असं ऊन. चष्म्याचं एक छोटं दुकान, तेही सुट्टीचा दिवस म्हणून बंद. आत दोनच माणसं. एक माझा हा भाऊ आणि दुसरी त्याची सख्खी मोठी बहीण.

निदान त्याची समजूत तरी तशीच होती.

भावाला घरात सगळे पान्या म्हणतात. लहानपणापासून खिशात पाना नाहीतर स्क्रूड्रायव्हर. घरातलं एकही घड्याळ त्याने धड ठेवलं नाही. पुढे तेच पोटापाण्याचं काम झालं. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. नवे त्याला आवडत नाहीत. म्हणतो, नव्याला पोट उघडायची लाज वाटते.

आणि त्याची बहीण, आमची ताई. तिचं आणि भाऊजींचं हे दुकान. समोरच्या खोलीत ताई डोळे तपासायची, फ्रेम दाखवायची. मागच्या खोलीत भाऊजी काचा घासायचे. मध्ये एक भिंत. भिंतीतून गेलेली एक वायर. ताई समोरच्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाचा नंबर टाकायची, तो मागच्या कॉम्प्युटरवर जायचा. भाऊजी तो बघून एक कळ दाबायचे, एफ-नाइन. की ताईच्या पडद्यावर एक शब्द उमटायचा. घेतलं.

म्हणजे काम घेतलं, आता तू पुढचं गिऱ्हाईक बघ.

तो शब्द भाऊजींनीच त्या कळीवर बसवून ठेवला होता, इंग्रजी अक्षरांत. दिवसभर हेच चालायचं. ताई गमतीने म्हणायची, आमचा संसार एका शब्दावर चाललाय. भांडण झालं तरी घेतलं, जेवायला हाक मारली तरी घेतलं.

मग भाऊजी गेले. त्याच खुर्चीत, काम करता करता. हृदय बंद पडलं.

मागची खोली तेव्हापासून बंद. ताई काचा बाहेरून घासून आणायची. त्याला आठवडा लागायचा. आठवडाभर आंधळं कोण बसणार? गिऱ्हाईक तुटायला लागलं. शेवटी तिने मन घट्ट केलं. एक अनुभवी कारागीर शोधला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. मागची खोली चालली तर दुकान राहणार होतं. नाही चालली तर शेजारचा औषधवाला जागा घ्यायला टपलेलाच होता.

अडचण एवढीच होती की मागचा कॉम्प्युटर समोरच्याशी बोलत नव्हता. काच घासायचं यंत्र त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरशिवाय चालत नाही. त्याचा प्रोग्राम बनवणारी कंपनीच बुडाली. त्यामुळे नवा घ्यायची सोय नाही. म्हणून पान्यादादा.

ताईने त्याच्या हातात किल्ली दिली. स्वतः दाराशीच थांबली. उंबऱ्याच्या आत तिने पाय टाकला नाही. म्हणाली, तू बघ, मी समोर बसते, काही लागलं तर हाक मार.

पान्यादादा आत गेला.

खोलीत कोंदट वास होता. घासलेल्या काचेची पांढरी पूड सगळीकडे बसलेली. टेबलावर धूळ, यंत्रावर धूळ, खुर्चीच्या हातावर धूळ. बोटाने नाव लिहावं एवढी. कीबोर्ड तर पार मळून गेलेला.

फक्त...

त्या कीबोर्डवरची एक कळ स्वच्छ होती.

एफ-नाइन.

त्याने बघितलं आणि सोडून दिलं. असेल काहीतरी. कामाच्या माणसाला कामाआधी भुताची आठवण होत नाही.

दुखणं त्याला लवकरच सापडलं. नेटवर्क कार्ड मेलेलं होतं. नेटवर्क कार्ड म्हणजे तळहाताएवढी एक पट्टी. कॉम्प्युटरच्या मागे वायर जिथे खोचतो ना, ती जागा असते तिच्यावर. ते गेलं की कॉम्प्युटर मुका आणि बहिरा. तोच अंदाज असल्यामुळे दादाने त्याच जातीचं नवं कार्ड आधीच शोधून आणलं होतं. विजेची पिन काढली, झाकण उघडलं, जुनं कार्ड उपटून टेबलावर ठेवलं, नवं बसवलं, मागून वायर खोचली.

इथे त्याने एक चूक केली. ती चूक त्याच्या धंद्यातला माणूसच करतो.

ज्याच्या हाताखाली तो हे काम शिकला तो माणूस नेहमी सांगायचा, आधी नाव काढ, मग कार्ड काढ. म्हणजे असं, की कॉम्प्युटर चालू असतानाच त्याच्या यादीतून जुन्या कार्डाचं नाव पुसायचं. नाहीतर कार्ड बाहेर येतं, पण मशीनला वाटत राहतं की ते अजून आत आहे. भाडेकरू गेला, पण दारावरची पाटी तशीच राहिली, तर टपाल त्याच्याच नावाने येतं. तसंच.

घाईत दादाने नाव काढलंच नाही.

तो झाकण लावणार, तेवढ्यात समोरून ताईने विचारलं, झालं का रे?

नाही, असं तो ओरडला.

ताईने समोर एक-दोन कळा दाबल्या. मग म्हणाली...

"अरे, मी उगाच एक काम पाठवून बघितलं. उत्तर आलं."

दादाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. पिनेकडे बघितलं. पिन जमिनीवर पडलेली. कॉम्प्युटरचं पोट उघडं. पंखा थांबलेला. पडदा काळा.

बंद मशीन उत्तर देत नाही.

जुनं काहीतरी अडकून राहिलं असेल, आता सुटलं असेल, असं त्याने तिला सांगितलं. आणि स्वतःलाही. स्वतःला पटवायला जरा वेळ लागला.

पिन लावली. मशीन कुरकुरत उठलं. नव्या कार्डाचा दिवा लागला, हिरवा. दादाने नव्या कार्डाला पत्ता दिला. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो, घराला असतो तसाच, आकड्यांचा. भाऊजींच्या मशीनचा जो होता तोच त्याने नव्या कार्डाला दिला, म्हणजे समोर काही बदलायला नको.

पडद्यावर एक खिडकी आली.

हा पत्ता दुसऱ्या कोणाकडे तरी आहे...

दादा चक्क हसला. झालं ना! नाव नाही काढलं, आता भोगा. जुनं कार्ड यादीत लपून बसलंय आणि पत्ता धरून आहे. यादी उघडली. लपलेली नावं दाखव म्हटलं. होतंच ते, फिकट अक्षरांत. त्याने ते पुसलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पत्ता दिला.

खिडकी परत आली.

या वेळी तिने आणखी एक गोष्ट सांगितली. पत्ता कोणाकडे आहे ते. प्रत्येक कार्डावर कारखान्यातच एक लांबलचक नंबर छापलेला असतो. एकाचा दुसऱ्याला नसतो. बोटांच्या ठशांसारखाच. खिडकीत तो नंबर होता.

दादाला तो कुठेतरी बघितल्यासारखा वाटला.

त्याने टेबलावरचं जुनं कार्ड उचललं. मेलेलं, धुळीने भरलेलं. उलटं केलं. मागे चिकटवलेली पट्टी बोटाने पुसली...

तोच नंबर.

पत्ता ज्याच्याकडे होता, ते कार्ड दादाच्या हातात होतं. कशालाही न जोडलेलं.

भर दुपारी त्याला घाम फुटला. तरी डोकं अजून कारणं शोधत होतं. मशीनच्या आठवणीत काहीतरी उरलं असेल. एवढा जुना डबा, भरवसा काय! मग मशीनच बंद करून बघू. त्याने पिन परत उपटली. वायर तशीच ठेवली. आणि समोर जाऊन ताईच्या कॉम्प्युटरवरून त्या पत्त्याला हाक मारली. तशी सोय असते. त्या पत्त्यावर कोणी आहे का, असं विचारायचं. कोणी असेल तर उत्तर येतं. नसेल तर वाट बघून मशीन कंटाळतं.

मशीन कंटाळलं नाही.

उत्तर आलं. लगेच. मग पुन्हा. मग पुन्हा...

दादाची मागे वळून बघायची हिंमत होईना. पाठीमागे मागच्या खोलीचं उघडं दार होतं.

ताई शेजारी बसली होती. तिला पडद्यावरचं कळत नव्हतं, पण भावाचा चेहरा कळत होता. ती अगदी शांतपणे म्हणाली, "त्या दिवशीही उत्तर येत होतं."

"कुठल्या दिवशी?"

"हे गेले त्या दिवशी."

आणि मग तिने सांगितलं. आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. शाळा उघडायचे दिवस, पोरांचे चष्मे. मान वर करायला फुरसत नव्हती. ती एकामागून एक कामं पाठवत होती, आणि प्रत्येकाला उत्तर येत होतं. घेतलं. घेतलं. तिला वाटलं, आतही जोरात चाललंय. दुपारी जेवायला हाक मारायला गेली, तर भाऊजी टेबलावर हातावर डोकं ठेवून. हात लावला तर गार.

डॉक्टर म्हणाले, यांना जाऊन बराच वेळ झालाय. सकाळीच गेलेत. दुकान उघडल्यावर थोड्याच वेळात.

"मग दुपारपर्यंत मला कोण सांगत होतं रे, घेतलं म्हणून?"

दादाने पडद्यावर येणारी ती उत्तरं थांबवली, आणि तीच पुढे बोलली.

"उत्तर आलं नसतं तर मी उठून आत गेले असते. एका भिंतीचं तर अंतर होतं. कदाचित वाचले असते. उत्तर येत राहिलं, म्हणून मी बसून राहिले."

ती रडली नाही. भाऊजी गेले त्या दिवशीही ती रडली नव्हती. सगळे म्हणायचे, बाई खंबीर आहे. खंबीर कसली? आतून पार पोखरून निघाली होती.

मग तिने भावाचा हात धरला. म्हणाली, तुझं ते यंत्र-तंत्र मला कळत नाही. मला एकच हवंय. मी काम पाठवीन आणि उत्तर येणार नाही, असं एकदा होऊ दे. एकदाच. म्हणजे मला कळेल की आत कोणी नाही. मग उद्या मी त्या कारागिराला त्या खुर्चीत बसवीन. नाही झालं, तर आजच औषधवाल्याला होकार कळवते. या भिंतीशेजारी मला बसवत नाही.

पाच मिनिटांपूर्वी जिथून पळून जावंसं वाटत होतं, तिथे पान्यादादा परत गेला. बहिणीसाठी माणूस कुठेही जातो.

त्याने दार ओढून घेतलं. पिन लावली. मशीन उठलं. यादी उघडली...

पुसलेलं नाव परत आलं होतं.

त्याने परत पुसलं. खरंच पुसू का, असं मशीनने विचारलं. हो म्हटलं. नवीन कार्डाला पत्ता दिला, आणि श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिला.

खिडकी आली नाही.

थोडा वेळ गेला. तरी आली नाही. दादाच्या जिवात जीव आला. भाऊजी, सोडलंत एकदाचं, असं तो मनात म्हणाला. आता ताईला हाक मारायची. त्याने तोंड उघडलं, आणि सहज खाली बघितलं.

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

कीबोर्डवर...

एफ-नाइन हळूच खाली गेली.

थोडा वेळ खालीच राहिली. मग वर आली. कामाची वाट बघणारा माणूस कळीवर बोट ठेवून बसतो, तशी.

दादा म्हणतो, ओरडावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी डोकं लख्ख चालत होतं. पलीकडे ताई आहे. तिने काम पाठवलं की उत्तर जाणार. उत्तर गेलं की सगळं संपलं. आणि उत्तर जायला रस्ता एकच, ती वायर.

त्याने हात मागे नेला. वायरीची चिमटी दाबली. वायर अलगद बाहेर आली.

ती मुठीत धरूनच तो ओरडला, "ताई, पाठव."

समोरून कळा दाबल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

इकडे कळ खाली गेली. पडद्यावर उमटलं, घेतलं.

समोर शांतता.

पुन्हा कळ. घेतलं.

वायर दादाच्या मुठीत. पलीकडे काही पोचत नव्हतं.

बराच वेळ गेला. आणि मग भिंतीपलीकडून ताईचा आवाज आला. आधी हुंदका. मग ती रडायला लागली. इतके महिने अडवून धरलेलं सगळं एकदम. मोठ्याने, लहान मुलीसारखी. तिला उत्तर आलं नव्हतं. आत कोणी नव्हतं. तिचा नवरा खरोखर गेला होता, आणि ती आता त्याच्यासाठी रडत होती.

आणि इकडे...

कळ जोरजोरात वाजायला लागली.

घेतलं. घेतलं. घेतलं. घेतलं.

पडदा त्याच एका शब्दाने भरत गेला. ती जितकी रडत होती तितकी कळ घाई करत होती. ती हाक मारतेय आणि आपली ओ पोचत नाही, हे कळल्यावर माणूस जसा कासावीस होईल तसं. दादाला आता भीती वाटत नव्हती. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पण वायर त्याने सोडली नाही.

ताई थांबली. हळूहळू कळही थांबली.

संध्याकाळ व्हायच्या आत त्याने सगळं नीट लावलं. नवीन कार्डाला नवा पत्ता दिला. जुना पत्ता तसाच सोडला. आणि समोरच्या मशीनला सांगून ठेवलं की त्या जुन्या पत्त्यावरून काहीही आलं, तरी दाखवायचं नाही. ताईला म्हणाला, ती उत्तराची भानगडच मी बंद केलीय, आता नुसतं काम जाईल. कीबोर्ड नवा लावला. जुनं कार्ड भंगारात टाकायचा त्याला धीर झाला नाही. ते त्याने त्या मशीनच्याच पोटात, तळाशी ठेवलं आणि झाकण आवळलं.

ताई त्या दिवशी स्वतःहून उंबरा ओलांडून आत आली. खुर्चीवरची धूळ तिने आपल्या हाताने पुसली.

दुकान राहिलं. कारागीर चांगला निघाला, पोक्त, कामाशी काम ठेवणारा. गिऱ्हाईक परतलं. ताई आता हसते, गिऱ्हाइकांची फिरकी घेते. औषधवाला दुसरी जागा शोधतोय.

पान्यादादा अधूनमधून मशीन साफ करायला जातो. मागच्या खेपेला त्याची नजर कीबोर्डवर गेली. त्याने स्वतः लावलेला, अजून नवाकोराच. सगळ्या कळा स्वच्छ, अक्षरं ठळक.

एका कळीवरचं अक्षर पार झिजून गेलेलं.

त्याने कारागिराला विचारलं. कारागीर म्हणाला, तिला मी हातच लावत नाही, ती बंद केलीय म्हणून तुम्हीच सांगितलंत ना? मग काच घासता घासता, मान वर न करता, तो आणखी एक बोलला. कळ ढिली असेल, बघून घ्या. समोर ताईंचा आवाज आला की वाजते.

दादाने ती बदलली नाही.

मी त्याला म्हटलं, अरे, ताईला एकदा सांगून टाक. एवढं मोठं मनात ठेवून कसा राहतोस?

"काय सांगू?" तो म्हणाला. "तू हाक मारतेस, ते ओ देतात, आणि मध्ये मी वाट अडवून बसलोय, असं सांगू?"

एवढं बोलून त्याने चप्पल घातली.

माझा चष्मा त्याच दुकानात होतो. परवा नंबर वाढला म्हणून गेलो होतो. ताईने डोळे तपासले, थट्टा केली, आकडे टाकले आणि काम मागे पाठवलं. कारागीर तेव्हा बाहेर, माझ्या शेजारीच उभा होता, चहा पीत.

मी नको नको म्हणत असताना माझे कान भिंतीकडे गेले.

आणि आतून...

एकदाच, अगदी हळू, कळ वाजली.

ताईने वर बघितलंसुद्धा नाही. तिने पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.